चतुराच्या पंखातलं रिकामं घर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. एकाच पत्रात दोनदा लिहिलंत, आणि त्या दोन थापा एकमेकींना खाऊन टाकतात हे सही करताना तुमच्या लक्षात आलं नाही.

पहिली थाप ही, की संग्रहालयातल्या त्या जपानी डबीवर रिकामं घर कधी नव्हतंच. दुसरी ही, की ते रिकामं घर माझ्या भावानं, एव्हारिस्त कियारनं, चोरून भरलं. जे नव्हतंच ते त्यानं भरलं कसं? तरी त्या पत्राची नक्कल मीनाकारांच्या मंडळाच्या फळ्यावर चार खिळे ठोकून लावलेली आहे, आणि पॅरिसातला एकही कारखाना आता त्याच्या हातात पिसाची काडीसुद्धा देत नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस आहे तो. अकराव्या वर्षापासून भट्टीपुढे बसला आहे. सध्या खिडकीत बसून माझ्यासाठी घेवडा सोलतो.

म्हणून काय घडलं ते मी क्रमानं सांगते. त्यातलं सगळं मला कळलेलं नाही. पण जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही, आणि जे पाहिलं ते कमी करणार नाही.

आमची खोली रू शार्लो या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, अंगणाच्या अंगाला. खाली बटणं ठोकणारे आहेत, त्यांच्या यंत्राच्या दणक्यानं आमच्या बशा दिवसभर थरथरतात. खिडकीखाली दोन बाकं आणि कोपऱ्यात मातीची भट्टी. एव्हारिस्त तार वळवतो. पट्टीसारखी चपटी सोन्याची तार चिमट्यानं वाकवायची, तांब्याच्या पत्र्यावर डिंकानं उभी चिकटवायची. तारांच्या मधे ज्या जागा तयार होतात त्यांना आम्ही घरं म्हणतो. पुढचं काम माझं. काचेचा मीना अकीकाच्या खलात दळायचा, पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, पिसाच्या काडीनं ओला ओला एकेका घरात भरायचा, फडक्यानं पाणी टिपायचं आणि भट्टीत घालायचं. भाजल्यावर मीना खाली बसतो. मग पुन्हा भरायचं, पुन्हा भाजायचं. तीन-चार वेळा केलं की घरं काठोकाठ होतात.

माझे केस तांबडे, लांब आणि सतत गळणारे. यावरून आमचं रोज एकदा वाजतं.

"झेली, डोक्याला फडकं बांध. मीन्यात केस गेला की जळून फुगा धरतो."

"तुझं बरं आहे. तुला गळायला काही उरलंच नाही."

त्याच्या डोक्यावर तिसाव्या वर्षापासून एक केस नाही. साहेब, ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी हसवायला सांगत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण जे वाचतील त्यांना नसेल. पत्र्याच्या फक्त एका अंगाला मीना चढवला तर आगीत पत्रा वाकतो. म्हणून पाठीलाही मीना लावावा लागतो. तिथे कोणी पाहत नाही, तेव्हा तिथे चांगला रंग घालवत नाहीत. दिवसभरात बाकावर सांडलेलं, काडीवर राहिलेलं, बशीतलं धुतलेलं सगळं एका बरणीत जातं, आणि त्याच मिश्रणानं पाठी भरतात. आमच्या खोलीत त्याला खरकटं म्हणतात. प्रत्येक कारखान्याच्या खरकट्याचा रंग वेगळा. आमचं जांभळट राखी, आत हिरवी झाक, कारण हिरवा मी जरा जास्त सांडते. जाणकाराला दागिन्याची पाठ दाखवा, तो कारखाना सांगेल. आणि कितीही घाई असो, खरकटं पुढच्या बाजूला कोणी लावत नाही.

वीस वर्षं आम्ही गुलाब केले, देवदूतांचे गुबगुबीत पोरगे केले, फितींच्या गाठी केल्या. मग जपानी माल दुकानांतून दिसू लागला आणि सगळ्यांना तेच हवं झालं. सराफ नुसती चित्रं आणून टाकायचे, असं करा म्हणायचे. एव्हारिस्तला तसं जमेना. त्याला मूळ वस्तू पाहायची होती. तुम्ही संग्रहालयाचे प्रमुख, म्हणून तुमच्याकडून त्यानं आत येण्याचं कार्ड मिळवलं, आणि सोमवारी, संग्रहालय बंद असतं तेव्हा, तो तुमच्या कपाटापुढे चित्रं काढू लागला. पहारेकरी बिदो कपाट उघडायचा आणि शेजारी स्टुलावर बसायचा. डबी पितळी पकडीत, पकडीच्या स्क्रूवर तुमच्या शिक्क्याची लाल लाख.

पहिल्या दिवशी तो घरी आला तो जेवलाच नाही. सूप निवलं.

"लव्हाळ्याची पाती आहेत चार," तो म्हणाला. "चारच. सगळी एका कडेला. तीन चतुर उडतायत. बाकी सगळी जागा नुसती निळसर, मोकळी. आपण असतो तर तिथे सोळा फुलं कोंबली असती, झेली."

"मग त्यात कौतुक काय? काम वाचवलं."

"आणि खालच्या चतुराच्या पंखात एक घर रिकामं आहे. तांबं दिसतं."

"मीना उडाला असेल."

"उडाला तर कडेला चुरा राहतो. हे कधी भरलंच नाही. तो पलीकडचा माणूस इथे येऊन थांबलाय. का ते कळत नाही. पण चुकून नाही."

'पलीकडचा' हे नाव त्या दिवसापासून पडलं. जेवताना, तार वळवताना तो त्याच्याबद्दल बोलायचा, जसं आपण शेजारच्या खोलीतल्या कामगाराबद्दल बोलतो. पलीकडच्याची तार बघ, कशी सुटलीय. पलीकडच्याला घाई माहीत नाही. मी चेष्टा करायचे. पण चित्र मी पाहिलं आहे, साहेब. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी काढलेलं, खाली बिदोची सही. पंखात एक घर रिकामं, आणि त्यात एव्हारिस्तनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'तांबं'. तुमच्या टेबलावर ते तुम्हीही पाहिलंत आणि बाजूला सारलंत.

सराफ मोर्लो शेठनी त्या चित्रावरून ब्रोच सांगितला. फक्त खालचा चतुर, पंख पसरलेला, तळहाताच्या निम्मा. एव्हारिस्तनं तो असा बांधला की मी बाकावरून उठून पाहायला गेले. पन्नास वर्षांतलं त्याचं सगळ्यात चांगलं काम. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात तो त्याच्या नावावर लावायचा ठरला होता, सराफाच्या नावावर नाही. आमच्या धंद्यात असं होत नाही. मीनाकाराचं नाव कुठेच नसतं.

आणि त्यानं ते घर रिकामं ठेवलं.

मोर्लो शेठनी भिंग लावलं. "कियार, हे राहिलं."

"राहिलं नाही. सोडलंय."

"का बरं?"

"मूळ डबीत सोडलंय."

"मूळ डबी जपानात झाली. हा लावणार वकिलाची बायको. ती गावभर सांगेल की मोर्लोनं मला अर्धा चतुर विकला." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शहाण्या आहात. सोमवारपर्यंत भरून टाका."

मलाही ते भरायचंच होतं, हे मी कबूल करते. रिकामं घर मला बघवत नाही. आमच्या हातांना तीच सवय. जागा दिसली की भर.

पहिल्यांदा मी फिरोजी भरला. बाकीच्या घरांबरोबर भाजला. बाकीची घरं व्हायला हवी तेवढी बसली. ते एक रिकामं आलं.

असं होतं कधी कधी. डिंक जास्त झाला की मीना सरकतो. पुन्हा भरला. पुन्हा रिकामं. दुधी भरला, निळा भरला, आमच्याकडचा सगळ्यात चिवट काळा भरला. भाताच्या दाण्याएवढं ते घर, साहेब, आणि सात वेळा मिळून मी त्यात चमचाभर मीना घातला. शेजारच्या घरांत थेंब गेला नाही. पाठीला भोक नाही. मी उजेडासमोर धरलं, पाणी सोडून पाहिलं.

आणि तांबं चकाकत होतं. उघडं तांबं भट्टीत काळं पडतं, पापुद्रे धरतं, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. सात वेळा आगीतून निघालेलं ते तांबं नुकतं घासल्यासारखं गुलाबी होतं.

पाचव्या वेळी भट्टीचं दार उघडलं तेव्हा वास आला. भट्टीला तापल्या लोखंडाचा वास असतो, दुसरा कुठला नाही. हा ओल्या चिखलाचा होता. तळ्याकाठी लव्हाळी उपटली की मुळांना येतो तसा. मी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. अंगण कोरडं होतं.

"तुला येतोय?" मी विचारलं.

"मघापासून," एव्हारिस्त म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "झेली, राहू दे ते. तिथे कुणाची तरी जागा आहे."

"कुणाची?"

"मला काय माहीत. आपली नाही एवढं कळतं."

मी ऐकलं नाही. शनिवारी दुपारी तो तंबाखू आणायला खाली उतरला आणि मी खरकट्याची बरणी उघडली. रागानंच. म्हटलं, चांगलंचुंगलं खात नाहीस ना, मग हे घे. डोक्यावरचं फडकं सुटलं होतं, केस तोंडावर येत होते, मी फुंकरीनं मागे सारत होते. काडीनं खरकटं उचललं, घर भरलं, टिपलं, भट्टीत घातलं.

बाहेर काढला तेव्हा घर काठोकाठ भरलेलं होतं.

मीना गार होताना बारीक टिक टिक करतो. मी ब्रोच हातात घेता येईल इतका गार होऊ दिला. तळव्यावर थंडगार असताना त्यानं पुन्हा एकदा टिक केलं. एकदाच.

एव्हारिस्त आला, त्यानं पाहिलं, आणि टोपी न काढता खाली बसला.

"खरकटं?"

"टिकलं तरी. रंगही वाईट दिसत नाही."

"सात वेळा त्यानं ताट परत केलं," तो हळू बोलला, "आणि आठव्या वेळी तू त्याला खरकटं वाढलंस. आणि त्यानं ते घेतलं. किती दिवसांचा उपाशी असेल गं."

मी ब्रोचवर काचेचा पेला उपडा घातला. रविवारी आम्ही दाराला कुलूप लावून मार्न नदीच्या काठी गेलो, कालवं खाल्ली, संध्याकाळी परतलो. सोमवारी सकाळी मी पेला उचलला.

घर रिकामं होतं. तांबं गुलाबी.

पेल्याला आतून दव आलं होतं.

एव्हारिस्त कार्ड घेऊन तुमच्याकडे निघाला. दुपारी आला तेव्हा जिन्यात दोनदा थांबल्याचं मला ऐकू आलं.

"तिकडचं भरलंय," तो म्हणाला.

"कशानं?"

"आपल्या खरकट्यानं."

बटणवाल्यांचं यंत्र खाली चालूच होतं.

"कुणाला बोललास का?"

"साहेबांना सांगितलं. त्यांची डबी आहे, झेली. त्यांना कळायला नको?"

"गाढवा," मी म्हटलं. मी त्याला आयुष्यात एवढंच वाईट बोलले आहे.

साहेब, चोर स्वतःहून येऊन सांगतो का? हा विचार तुमच्या मनात आला नाही. तुम्ही मंगळवारी आमचे तीन मजले चढून आलात, छडी दाराला टेकवलीत, बरणीतलं खरकटं कागदाच्या पुडीत घेतलंत. बुधवारी म्हणालात, रंग जुळला. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं की ते मी भरलं, पण आमच्या ब्रोचमध्ये, आमच्या भट्टीत. तुम्ही हसलात. मी विचारलं, भट्टीशिवाय मीना बसतो का? तुम्ही म्हणालात, रंगवलेली लाख असेल. मी म्हटलं, सुई लावा, लाख असेल तर रुतेल. तुमच्याच माणसानं सुई लावली. सुई घसरली. काच होती, पुरती भाजलेली काच. शिक्क्याची लाख स्क्रूवर जशीच्या तशी. ती डबी नारिंगी आगीत गेली असती तर आधी लाखच वितळली असती.

तरी तुम्ही ते पत्र लिहिलंत.

मोर्लो शेठनी काम काढून घेतलं. ब्रोच नको म्हणाले, हातही लावला नाही. प्रदर्शनाच्या यादीतलं नाव खोडलं गेलं. एव्हारिस्तनं भांडण केलं नाही. चिमटे तेल लावून गुंडाळून ठेवले. एकदा मी विचारलं, तुला राग येत नाही? तो म्हणाला, "त्या पलीकडच्याचं काम पुरं झालं ना. कुणाच्या तरी हातून व्हायचंच होतं."

त्याला येत नसेल. मला येतो.

रविवारी तुमच्याकडे कोणालाही आत सोडतात. तुमचं पत्र फळ्यावर लागल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी भावाचं भिंग घेऊन गेले. बिदो भला माणूस आहे, त्याला बोल लावू नका. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"बाई," तो तिकडूनच म्हणाला, "हल्ली सकाळी ही काच आतून ओली असते. मी रोज पुसतो. वर कळवलं नाही."

मी भिंग काचेला टेकवलं. चारच पाती. तीन चतुर. केवढी मोकळी जागा. एव्हारिस्त इतके दिवस काय सांगत होता ते मला तिथे उभं राहून कळलं, आणि लाज वाटली.

मग खालचा पंख. जांभळट राखी, आत हिरवी झाक. माझ्या हातचं दळण मी ओळखते.

त्या काचेच्या आत एक केस होता.

बोटाच्या पेराएवढा, वळलेला. तांबडा.

केस भट्टीच्या दाराशी नुसता नेला तरी पापणी लवायच्या आत नाहीसा होतो. फुगा उरतो, केस उरत नाही. हा अख्खा होता. त्याला चमक होती.

ज्याच्या डोक्यावर एकही केस नाही अशा माणसाला तुम्ही फळ्यावर खिळलंत, साहेब. हे मी तुम्हाला पत्रानं कळवलं. भिंग घ्या आणि स्वतः पाहा, असं लिहिलं. पाच आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले.

कुलूप होतं. लाख होती. काच आतून ओली होती. बिदोची पुसायची वेळ झाली नव्हती. दव जिथे विरळ होतं तिथे मी भिंग टेकवलं.

आता दोन केस आहेत.

दुसरा काळा आहे. सरळ, जाड, लांब. बाईचा. एव्हारिस्त इतके महिने 'तो' म्हणत होता. मी अजून त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही आधी लिहून दिल्याशिवाय सांगणार नाही, नाहीतर उद्या म्हणाल की बहीणभावांनी मिळून रचलं.

फळ्यावरचं ते पत्र काढा. त्याचं नाव यादीत परत घाला. हे दोन्ही तुमच्या हातात आहे आणि त्याला एक दिवस पुरतो.

आणि मग खाली त्या कपाटापाशी जा. सोमवारी जा, कोणी नसतं तेव्हा. भिंग न्या. माझा केस आणि तिचा केस काचेच्या आत एकमेकांना बांधलेले आहेत. बारीक, घट्ट गाठ आहे, दुहेरी. मी पन्नास वर्षं सुईदोरा हाताळते आहे, आणि ही गाठ मला येत नाही.

पहिल्या वेळी ती नव्हती. सांगा साहेब, ती कोणी मारली?